पोर गाडीत झोपलंय? एसी लावून जाऊ नका

जुलैतली दुपार होती. पोहण्याच्या क्लासवरून परतताना कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये एका किराणा दुकानासमोर गाडी लावली. तीन वर्षांची लेक कार सीटमध्ये मान टाकून गाढ झोपलेली. उठवली तर रात्रीपर्यंत किरकिर. आणि घ्यायचं तरी काय होतं? कोथिंबिरीची जुडी आणि दही. इंजिन सुरू ठेवलं, एसी वाढवला, दुसऱ्या किल्लीनं दार लॉक केलं आणि आत पळाले. बाहेर येते तो एक गोऱ्या आजीबाई काचेशी वाकून उभ्या, हातात फोन. "911 लावतच होते," म्हणाल्या. 911 म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर. मी मनात तणतणले, अहो, एसी चालू होता की!

घरी येऊन कायदा वाचला आणि गप्प झाले. इथे तो एसीच नडतो.

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम 15620 हे 2002पासून लागू आहे. गाडीत ठेवल्यामुळे दगावलेल्या एका बाळाच्या नावावरून लोक त्याला केटलिनचा कायदा म्हणतात. सहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल गाडीत ठेवून जाताना सोबत किमान 12 वर्षांचं कुणीतरी हवं. नसेल, तर दोन गोष्टींनी तुम्ही अडकता. एक, मुलाच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका होईल अशी परिस्थिती, उदाहरणार्थ ऊन. दुसरी, इंजिन चालू असणं किंवा किल्ली गाडीला लावलेली असणं. म्हणजे एसी बंद केला तर उकाडा, चालू ठेवला तर इंजिन. पळवाट नाही. मूल उचलायचं, बस्स.

नऊ वर्षांची ताई सोबत आहे हे चालत नाही. आजी बसली असेल तर चालतं, पण सासूबाई भारतातून नुकत्याच आल्या असतील तर गाडीचं दार आतून कसं उघडायचं ते आधी दाखवा. आमच्या आईला चाइल्ड लॉक लावलेल्या मागच्या सीटवर बसवलं होतं. बिचारी अडकून पडली.

दंड 100 डॉलर. तेवढ्यावरच निभावेल असं मात्र समजू नका. मुलाला इजा झाली किंवा धोका मोठा होता असं दिसलं, तर दंड संहितेतलं 273ए हे मुलाला धोक्यात घालण्याबद्दलचं कलम लावता येतं. तशी नोटीस हातात पडली, तर व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असणाऱ्यांनी काहीही कबूल करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठावा.

राज्य बदललं की आकडे बदलतात. माझी मावसबहीण टेक्सासात असते. तिथे सात वर्षांखालचं मूल, पाच मिनिटांहून जास्त वेळ, आणि सोबत 14 वर्षांचं कुणी नाही, असा हिशेब आहे. फ्लोरिडात सहा वर्षांखालच्या मुलासाठी 15 मिनिटं. इंजिन चालू असेल तर तीही सवलत नाही.

"काच थोडी खाली केली होती" हे ऐकवू नका. त्यानं फारसा फरक पडत नाही. बाहेर 80 फॅरनहाइट असलं तरी दहा मिनिटांत आत 99च्या आसपास जातं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. सांगलीत मंडईबाहेर बाबा आम्हाला ॲम्बॅसिडरमध्ये बसवून जायचे, चारी काचा खाली. तेव्हा निभावलं.

मुद्दाम ठेवून जाण्यापेक्षा विसरून जाणं जास्त होतं, तेही शहाण्यासुरत्या आईबापांकडून. एरवी पाळणाघरात सोडायला नवरा जातो आणि एक दिवस तुम्ही जाता, तेव्हा सांभाळा. मी डावा बूट काढून मागच्या सीटवर ठेवते. हसा खुशाल. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसतं, आणि एका पायात मोजा घेऊन कुणी ऑफिसात शिरत नाही. शिवाय मूल साडेनऊपर्यंत पोचलं नाही तर फोन करा, असं पाळणाघराला सांगून ठेवा.

दुसऱ्याचं मूल बंद गाडीत दिसलं तर आधी दारं ओढून पाहा. मग 911. जीव धोक्यात आहे असं मनापासून वाटलं आणि दुसरा मार्गच नसला, तर मुलापासून लांबची, बाजूची काच कोपऱ्यात ठोसून फोडा. पुढची फुटता फुटत नाही. मुलाला सावलीत घ्या आणि मदत येईपर्यंत तिथून हलू नका. हा क्रम पाळलात तर काचेच्या नुकसानीचा बोजा तुमच्यावर येत नाही, 2021पासून इथे तसा कायदाच आहे.

त्या आजीबाई मला नंतर दोनदा त्याच दुकानात दिसल्या. दुसऱ्यांदा लेक माझ्या कडेवर झोपलेली होती आणि दह्याचा डबा त्यांनी उचलून दिला.