ग्राहकवाढ मोजताना एकूण नोंदणीच्या आकड्यावर विसंबू नका

नवउद्योगात एकूण नोंदणीचा आकडा सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. पण तो कधीच खाली येत नसल्याने धंदा खरोखर वाढतो आहे की आतून गळतो आहे, हे त्यावरून कळत नाही. त्याऐवजी ग्राहक ज्या महिन्यात आले त्यानुसार त्यांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटातील किती जण तीन महिन्यांनंतरही टिकून आहेत, हे पाहावे. समजा, जानेवारीत आलेल्या १,००० जणांपैकी एप्रिलमध्ये ८० उरले आणि फेब्रुवारीत आलेल्या ६०० जणांपैकी मे महिन्यात १५० उरले, तर टिकण्याचे प्रमाण ८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. म्हणजे महिन्याची नवी नोंदणी घटूनही उत्पादन सुधारले आहे, असे मानायला जागा आहे.

‘टिकणे’ म्हणजे नेमके काय, हे मात्र आधीच लिहून ठेवावे. हिशेबाच्या ॲपसाठी नुसते लॉगिन पुरेसे नाही, निदान एक बिल तयार झालेले असावे. माझ्या मते खरी मेहनत या व्याख्येतच आहे, आणि आकडे वाईट दिसू लागले म्हणून ती मध्येच बदलण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. जाहिरातीतून आलेले आणि ओळखीतून आलेले ग्राहक वेगवेगळे मोजावेत.