आकाशातल्या शिल्लक उजेडाचा हिशेब कसा तपासावा

अवकाशात कोणत्याही ताऱ्याच्या किंवा दीर्घिकेच्या नावावर न मांडता येणारा उजेड सापडला आणि त्यामुळे महास्फोटाचा सिद्धांत कोसळला, असे दावे अधूनमधून मोबाइलवर फिरत येतात. असा दावा मानण्यापूर्वी किंवा फेटाळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की हा उजेड कोणी सुटा पाहिलेला नसतो; तो वजाबाकीनंतर उरलेला असतो. रात्री गल्ल्यात रक्कम जास्त भरली, तर सोलापूरच्या टिळक चौकातला दुकानदार आधी दिवसभराच्या नोंदी पुन्हा ताडून पाहतो. आपणही तेच करावयाचे आहे.

ही वजाबाकी एकदा स्वतः करून पाहावी, कारण त्यानंतर वाचलेले आकडे निराळे दिसू लागतात. फेब्रुवारी किंवा मार्चमधील अमावास्येच्या आसपासची निरभ्र संध्याकाळ निवडून सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला सुमारे २० किलोमीटर जावे. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री शिरू नये. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर ट्रायपॉड लावावा. तेथून सोलापूर दक्षिणेला राहते आणि शहराच्या दिव्यांचा पिवळसर घुमट त्या बाजूला स्पष्ट दिसतो. सूर्यास्तानंतर साधारण दीड तासाने पश्चिमेला क्षितिजापासून वर निमुळता होत जाणारा फिकट उजेड शोधावा. तो ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश असून त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. फोनमधील आपोआप सुधारणा बंद करून, एकाच आयएसओवर (म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेवर) आणि सारख्याच अवधीचे फोटो पश्चिमेचे, दक्षिणेचे आणि डोक्यावरचे घ्यावेत. शेवटचा फोटो भिंग पूर्ण झाकून घ्यावा. हा झाकलेला फोटोही कोरा काळा निघत नाही, आणि कॅमेऱ्याचा हा स्वतःचा ‘उजेड’ वजा केल्याशिवाय इतर कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

दावा वाचताना पहिला प्रश्न मोजमाप कोठून केले, हा विचारावा. पृथ्वीजवळ राशिचक्रीय प्रकाश दूरच्या दीर्घिकांच्या एकत्रित उजेडापेक्षा कितीतरी पट प्रखर असतो, त्यामुळे त्याच्या अंदाजातील किरकोळ चूकही नवे विश्व निर्माण करू शकते. म्हणूनच प्लूटोच्या पलीकडे गेलेल्या ‘न्यू होरायझन्स’ यानाची मोजमापे मोलाची ठरली. तेथे ही धूळ जवळजवळ आड येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात पार्श्वप्रकाश, म्हणजे इतर सर्व उजेड वजा केल्यावर उरलेला दूरच्या आकाशाचा प्रकाश, सुमारे १६ नॅनोवॅट प्रति चौरस मीटर प्रति स्टेरेडियन (आकाशाच्या कोनीय विस्ताराचे एकक) भरला, तर ज्ञात दीर्घिकांच्या वाट्याला त्यातील निम्माच येत होता. कृष्णद्रव्याचे (न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचे) काल्पनिक कण क्षय पावून हा प्रकाश देत असावेत, असेही तेव्हा सुचवले गेले.

येथे दुसरा प्रश्न विचारावा लागतो : वजा केलेली कोणती रक्कम सर्वांत कच्ची आहे? या हिशेबात ती आपल्याच आकाशगंगेतील धुळीने विखुरलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाची होती. यान सुमारे ५७ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) दूर असताना पुन्हा निरीक्षणे झाली, धुळीचा अंदाज ‘प्लँक’ उपग्रहाच्या अवरक्त नकाशांच्या आधारे नव्याने बांधला गेला आणि २०२४ मध्ये आकडा त्याच एककात ११.१६ ± १.६५ वर आला; ± नंतरची संख्या अनिश्चितता दाखवते. दीर्घिकांचा वाटा ८.१७ ± १.१८ धरल्यावर २.९९ ± २.०३ उरतात. ही शिल्लक तिच्या अनिश्चिततेच्या दुपटीपेक्षाही कमी असल्याने तिच्यावर पर्यायी विश्वाचा इमला उभारणे मला तरी धाडसाचे वाटते.

शिल्लक खरी निघाली, असे क्षणभर धरले तरी पर्यायी सिद्धांताला बाकीच्या नोंदीही जुळवून दाखवाव्या लागतात. १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी प्रकाश वाटेत ऊर्जा गमावून ‘थकतो’ अशी कल्पना मांडली; पण तसे असते तर दूरच्या अतिनवताऱ्यांचे (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांचे) उजळणे-मावळणे आपल्याला अधिक काळ ताणलेले दिसले नसते, आणि ते तसे दिसते. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये मांडलेला आरंभ नसलेल्या विश्वाचा पर्याय याहून फार गंभीर होता. १९६५ मध्ये सापडलेल्या, सर्व दिशांनी येणाऱ्या आणि महास्फोटाचा पुरावा मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाला त्यांनी टाळले नाही. ताऱ्यांचा जुना प्रकाश लोखंडाच्या अतिसूक्ष्म सळयांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केल्यामुळे ते निर्माण होते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ते पटले नाही. तरीही पर्यायी सिद्धांताने कोणत्या प्रश्नांना सामोरे जावे, हे शिकायचे असल्यास हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवावा : त्याने त्या प्रारणाचे २.७२५ केल्व्हिन हे तापमान आणि त्याचा जवळजवळ निर्दोष कृष्णिका वर्णपट (केवळ तापमानावर ठरणारा, आदर्श उष्ण वस्तूचा वर्णपट), दोन्हींचा हिशेब द्यावा.

वहीत प्रत्येक दाव्यासाठी मापनाचे ठिकाण, वजा केलेल्या रकमा, शिल्लक आणि तिची अनिश्चितता यांचे चार रकाने आखावेत. अनिश्चिततेचा रकाना रिकामा राहत असेल, तर मूळ शोधनिबंध मिळेपर्यंत तो दावा पुढे पाठवू नये.