एफएमआरआय शिकायला येताय? आधी रक्ताशी ओळख करून घ्या

पुण्यात फिजिक्समध्ये एमएससी करून मी मेंदूच्या स्कॅनिंगकडे, म्हणजे एफएमआरआयकडे (काम करणाऱ्या मेंदूचं चुंबकीय स्कॅन) वळलो. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "बोटं हलवताना मेंदूच्या त्या भागातल्या रक्तात ऑक्सिजन वाढेल की घटेल?" मी ठामपणे म्हटलं, घटेल. काम चाललंय म्हणजे खर्च होणारच की! मॅडम हसल्या. "उत्तर चुकलंय, पण चूक चांगली आहे." जागा मिळाली; चूक नीट कळायला पुढचे तीन महिने गेले.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी ऑक्सिजन वापरतो सुमारे २० टक्के. स्वतःचा साठा जवळपास नाही, त्यामुळे सगळी भिस्त रक्तपुरवठ्यावर. एखादा भाग कामाला लागला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. १९८६ साली फॉक्स आणि रेकल या संशोधकांनी पेट स्कॅनवर (PET, रक्तात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य सोडून केलेलं स्कॅन) हे मोजलं: बोटांना कंपनं दिल्यावर संबंधित भागातला रक्तप्रवाह सुमारे २९ टक्के वाढला, ऑक्सिजनचा वापर मात्र फक्त ५ टक्के. मला हे पंगतीवरून समजलं. एकाने भात मागितला तरी वाढपी अख्खं पातेलं घेऊन येतो. खाल्ला जातो थोडा, उरतो भरपूर.

स्कॅनरला दिसतं ते हे उरलेलं. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात लुडबूड करतं आणि सिग्नल पाडतं. ताज्या रक्ताचा लोंढा आला की त्याचं प्रमाण घटतं, सिग्नल किंचित वर येतो. सेजी ओगावा या शास्त्रज्ञाने १९९० साली उंदरांवर हा परिणाम दाखवला आणि दोन वर्षांत माणसांवरचे पहिले प्रयोग छापून आले. म्हणजे एफएमआरआयच्या चित्रातला लाल ठिपका हा चेतापेशींचा फोटो नव्हे. तो आकडेमोडीतून काढलेला रक्ताचा माग आहे, रंगसुद्धा आपणच भरलेला.

माझा पहिला डेटा: २० सेकंद बोटं हलवा, २० सेकंद स्वस्थ. त्याच वेळा मी मॉडेलमध्ये (सिग्नल कधी वर-खाली होईल, याचा गणिती अंदाज) जशाच्या तशा टाकल्या आणि ठिपके अगदीच फिके आले. मी स्कॅनरला दोष देत बसलो. शेवटी सीनियर म्हणाला, "अरे, रक्त काय बटण दाबल्यावर येतं का?" सिग्नल चढायलाच एक-दोन सेकंद लागतात, शिखर येतं साधारण पाच-सहा सेकंदांनी, आणि उतरताना तो मूळ पातळीखाली थोडा डुबकी मारतो. हा वक्र मॉडेलमध्ये घातला आणि मेंदूतला हालचालीचा पट्टा झळकला.

म्हणून कोडिंगच्या आधी शरीरशास्त्र वाचा. स्वयंसेवकाला चहा-कॉफी झाली का, हे विचारा; कॅफिनने मेंदूतला रक्तप्रवाह कमी होतो आणि दोन दिवसांची तुलना बिघडते. (आपल्याकडे सकाळी दहाला "चहा घेऊ नका" सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे.)

संख्याशास्त्र टाळू नका. क्रेग बेनेट हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले होते. एकदम हजारो चाचण्या केल्या की काही निव्वळ योगायोगाने खऱ्या वाटतात; त्याची दुरुस्ती न केल्यावर त्या माशाच्याही मेंदूत 'सक्रिय' ठिपके निघाले!

आणि स्वतः एकदा आत झोपून पाहा. नाकाला खाज सुटली की डोकं किती हलतं, हे तिथेच कळतं. मला तर त्या ठकठकाटात चौथ्या मिनिटाला डुलकी लागली. तो डेटा अजून आमच्या लॅबमध्ये नवीन मुलांना सरावाला देतात.