खिम्याचे गोळे, रस्सा, भात: पटकन होणारा राइस बोल कुठे बिघडतो?

कामाच्या दिवशी रात्री भाकरी थापायचं जिवावर आलं, की खिम्याचे गोळे आणि भात एकाच वाडग्यात हा सोपा मार्ग. चार जणांचं जेवण पाऊण तासात होतं. पण गोळे फुटणं, रबरासारखे होणं, भात गिचका होणं, रस्सा तळाशी जाऊन बसणं या तक्रारीही ठरलेल्या. यातल्या बहुतेकांचं मूळ एकच: पाणी. खिम्यात, कढईत, भातात किंवा रश्श्यात ते नको तिथे राहतं, नाहीतर नको तेवढं पडतं.

चुकीची सुरुवात दुकानातच होते

खिमा घरी आणून चाळणीत धुतला, की तो पाणी धरून बसतो आणि कितीही पिळला तरी सोडत नाही. तेच पाणी पुढे कढईत सुटतं आणि गोळा तळला जाण्याऐवजी उकडतो. म्हणून खाटकाकडे खांद्याचं मटण निवडा, अख्खे तुकडे धुवून, निथळून, मग खिमा करायला सांगा. मशीनमधून दोनदा काढलेला हवा. एकदाच काढलेल्यात शिरा राहतात आणि गोळा तिथेच तडकतो. चरबी पूर्ण काढू देऊ नका. पाचवा हिस्सा चरबी असली तरच गोळा मऊ राहतो. चिकनचा खिमा घेणार असाल तर छातीचा नको, तंगडीचा घ्या. खिमा फ्रिजमध्ये ठेवला तरी दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

गोळे फुटतात का, दगड होतात का

५०० ग्रॅम खिम्याला एक मध्यम कांदा, एक मोठा चमचा आलं-लसूण, एक छोटा चमचा मीठ, अर्धा चमचा तिखट, मूठभर कोथिंबीर आणि ३० ग्रॅम डाळ्यांचं पीठ पुरतं. कांदा अगदी बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून पाच मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. मिक्सरमध्ये फिरवलेला कांदा नकोच. त्याचा रस सगळं मिश्रण सैल करतो आणि मग लोक पीठ वाढवत बसतात. ६०-७० ग्रॅम पीठ पडलं, की तो खिम्याचा गोळा न राहता मांस घातलेलं भजं होतं. डाळ्यांऐवजी बेकरीच्या टोस्टचा चुरा किंवा दोन चमचे दुधात भिजवून पिळलेला एक पाव चालतो. कच्चं बेसन घालू नका, घालायचंच असेल तर आधी कोरडं भाजून घ्या.

कच्च्या पपईची पेस्ट हा दुसरा घात. मटणाचे मोठे तुकडे मऊ करायला ती ठीक, पण खिमा आधीच बारीक असतो. पपईतलं पपेन मांसाचा धागा तोडतं, आणि गोळा ज्या धाग्यांमुळे एकत्र राहतो तेच सुटतात. अर्धा तास ठेवलेलं असं मिश्रण रश्श्यात पडलं की खिम्याची आमटी होते.

उलट टोकाची चूक म्हणजे कणकेसारखं मळणं. मीठ लागलेलं मांस जितकं रगडाल तितकी त्यातली प्रथिनं चिकट होऊन एकमेकांना घट्ट धरतात आणि शिजल्यावर गोळा दाताखाली उड्या मारतो. बोटांनी मिसळा, एक-दोन मिनिटं, सगळं एकजीव दिसलं की थांबा. मग दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पीठ ओल ओढून घेतं आणि चरबी घट्ट होते. चिकनचं मिश्रण सैल असतं, त्याला ४० ग्रॅम पीठ आणि पंधरा-वीस मिनिटं द्या. हाताला तेल लावून छोट्या लिंबाएवढे, साधारण २५ ग्रॅमचे गोळे वळा, २३-२४ होतील. मोठे केले तर बाहेरून काळे, आतून कच्चे. मिठाचा अंदाज घ्यायला कच्चं चाखू नका, बोटाएवढी टिक्की तव्यावर भाजून बघा.

कढईत गर्दी

सगळे गोळे एकदम टाकले की कढई थंड पडते, पाणी सुटतं, गोळे करडे पडून तळाला चिकटतात. पसरट लोखंडी कढई किंवा तवा आधी चांगला तापवा, दोन चमचे तेल, आणि दहा-बारा गोळे एका वेळी. दोन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू तांबूस झाली की गोळा स्वतःच सुटतो. त्याआधी उलथनं घातलं की साल तव्यावर आणि गाभा उलथन्यावर. एकूण चार-पाच मिनिटांत काढून घ्या, आतून शिजायचं काम रश्श्यात होईल.

भाकरीचा रस्सा भाताला नको

खान्देशात इथेच हात चुकतो. आपला काळ्या मसाल्याचा रस्सा पातळ असतो, कारण तो दादर ज्वारीच्या चुरलेल्या भाकरीत मुरायचा असतो. तोच वाडग्यात भातावर ओतला तर खाली जातो आणि वर कोरडे गोळे उरतात. इथे रस्सा चमच्याच्या पाठीवर थर धरेल इतका दाट हवा.

एक मोठा कांदा सालीसकट गॅसच्या आचेवर भाजा, काळं साल काढा. २५ ग्रॅम सुकं खोबरं तांबूस भाजा. काळं केलं तर कडवटपणा उरतो आणि तो नंतर गूळ घालूनही जात नाही. हा कांदा आणि खोबरं आठ लसूण पाकळ्या, इंचभर आल्यासोबत जेमतेम पाण्यात बारीक वाटा. तीन-चार चमचे तेलात वाटण मंद आचेवर बाजूने तेल दिसेपर्यंत परता, आठ मिनिटं तरी. घाईत लोक हेच कापतात आणि मग कच्च्या कांद्याचा वास सगळ्या घरभर. दोन छोटे चमचे काळा मसाला आणि एक चमचा नंदुरबारच्या मिरचीचं तिखट शेवटी घाला, अर्ध्या मिनिटात पाणी टाका. कोरड्या तेलात मसाला लगेच जळतो.

पाणी गरमच, ३५० मिली. थंड ओतलं की उकळी यायला वेळ जातो. उकळल्यावर मीठ घाला, पण हात आखडता. गोळ्यांत आहे, भातातही आहे. मग आच कमी करून गोळे सोडा आणि अर्धवट झाकून दहा मिनिटं. खळखळ उकळलं तर गोळे आपटून फुटतात. ढवळायचं नाही, कढई कानांना धरून हलवायची. एक गोळा कापून बघा: चिकनचा गाभा कुठेही पारदर्शक दिसू नये. थर्मामीटर असेल तर मटणाला ७१, चिकनला ७४ अंश सेल्सिअस.

शेंगदाण्याचा कूट दोन मोठे चमचे, तोही शेवटच्या चार मिनिटांत. आधी घातला तर तळाला लागतो. कूट घातलेला रस्सा थांबला की आणखी दाटतो, म्हणून गॅस बंद करताना हवा त्यापेक्षा किंचित सैल ठेवा. तरीही पातळ राहिला तर गोळे बाजूला काढून नुसता रस्सा आटवा. वर आलेली तर्री चमच्याने वेगळी करून ठेवा.

भात

बासमतीचे सुटे दाणे बोलमध्ये रस्सा धरत नाहीत. इंद्रायणी किंवा कोलम घ्या, ३०० ग्रॅम. जुन्या तांदळाला एकास दोन पाणी, नव्याला पावणेदोन. कुकरच्या दोन शिट्ट्या; वाफ आपोआप उतरू द्या, मग झाकण काढून पाच मिनिटं तसंच. लगेच ढवळला की दाणे मोडून गिचका झालाच. तांदूळ कुकरला लावून मगच गोळ्यांना हात घाला, वेळ तिथेच वाचतो.

वाढताना भात, वर सहा गोळे, बाजूने रस्सा, चमचाभर तर्री. काकडी आणि कच्चा कांदा पिळून घ्या, त्यांचंही पाणी सुटतं. तिखट शेव अगदी घास घेताना टाका, दोन मिनिटांत ती मऊ पडते. लहान मुलांसाठी तर्री वगळून चमचाभर तूप.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजवूनही न मरणारे जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात तर तासाभरातच पसरट ताटात गार करून फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम करून संपवा. गोळे रश्श्यातच बुडवून ठेवा, कोरडे ठेवले तर चिवट होतात.