घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही? आधी राउटरचा आयपी बघा

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) आणि एनजिनएक्स (वेबपानं पुरवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, सांगलीत घरच्या वायफायवर पान उघडतंय, राउटरवर ८० आणि ४४३ हे वेबसाइटचे पोर्ट लॅपटॉपकडे फॉरवर्ड केलेत, तरी विट्याच्या मित्राला काहीच दिसत नाही? एनजिनएक्सची सेटिंग उकरत बसू नका. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरची मागणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पब्लिक पत्ता) मागा, नाहीतर क्लाउडफ्लेअर टनेल लावा; त्यात लॅपटॉपच क्लाउडफ्लेअरशी जोडणी करतो आणि बाहेरची मागणी त्यातून आत येते. शिकण्यासाठी टनेलच बरा, पोर्ट उघडे ठेवावे लागत नाहीत. तपासताना मात्र फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरच तपासा, म्हणजे खरंच बाहेरून उघडतंय का ते कळेल.

वळवात लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, राउटर नाही. त्याला अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून तेवढ्याच व्होल्टचा मिनी यूपीएस (राउटरसाठीची छोटी बॅटरी) घ्या.