नववीच्या पोरांना मातीकाम शिकवताय? आधी वाळवायला शिकवा

बरेच ड्रॉइंग टीचर पहिल्याच तासाला मातीचा गोळा देऊन "चेहरा करा" म्हणून सांगतात, मीपण सुरुवातीला तेच केलं होतं आणि त्या वर्षी भट्टीतनं नुसते तुकडे बाहेर आले. एका पोरीनं आजीचा चेहरा केलेला, नाक आणि एक कान तेवढा हाताला लागला. चूक तिची नव्हती, गोळा भरीव होता, आतनं वाळला नव्हता आणि मीच तो भाजायला दिला होता. मातीतलं पाणी १०० डिग्रीला वाफ होतं, ती वाफ पाण्यापेक्षा साधारण १७०० पट जागा मागते, बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की मूर्ती फुटणारच.

म्हणून आता मी बैलापासून सुरू करतो. बेंदराच्या सणाला मातीचे बैल आपल्याकडं घरोघरी येतात, त्यामुळं पोरांना वशिंड, शिंगं, मान काही सांगावं लागत नाही. फक्त बैल पोकळ करायचा. लिंबाएवढे दोन गोळे घ्यायचे, अंगठ्यानं दाबत दाबत दोन वाट्या करायच्या, जाडी करंगळीपेक्षा जास्त नको, मग दोन्ही काठांवर जुन्या कंगव्यानं खाचा मारून त्याच मातीचा दाट घोळ लावायचा आणि वाट्या तोंडाला तोंड लावून चिकटवायच्या, झालं धड. पाय, मान, शिंगं सगळं असंच खाचा मारून जोडायचं, नुसतं ओलं बोट फिरवून चिकटवलेलं शिंग वाळताना हमखास गळतं. आणि आतली वाफ बाहेर पडायला पोटाखाली पेन्सिलीनं एक भोक, ते विसरू नका.

मातीसाठी कोल्हापुरात बापट कॅम्पला नाहीतर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जा, जमलं तर पोरांना घेऊनच, माती मळणारा हात बघून जे कळतं ते फळ्यावर नाही सांगता येत. शाडू सरावाला चांगली, पण भाजायचं असेल तर चाकावर भांडी करणाऱ्या कुंभाराकडचीच माती मागा. आणलेली माती परत मळून घ्यायची, हवेचे बुडबुडे गेले पाहिजेत. ३५ मिनिटांच्या तासात काही होत नाही, हेडसरांकडं जोडतास मागून घ्या. वर्गात ५० पोरं असतील तर निम्मी मातीवर आणि निम्मी स्केचवर बसवा.

आता वाळवणं, खरं शिकवायचं ते हेच आहे. जून-जुलैत कोल्हापूरच्या पावसात बैल दोन-तीन आठवडे ओला राहतो, मार्चात तोच एका दुपारी वरनं वाळतो आणि आतनं ओला राहून तडकतो. दोन्ही वेळेला सैल प्लास्टिक पिशवीत, सावलीत, अधूनमधून उलटत ठेवायचा, शिंगं आणि कान बारीक असतात म्हणून त्यांच्यावर ओलं फडकं. वाळला का बघायला गालाला लावा, गार लागला तर अजून ओल आहे. ही तपासणी पोरांनाच करू द्या, वहीत तारीख लिहायला लावा.

भाजायला कुंभाराला गणपतीच्या आधी अजिबात गळ घालू नका, त्यांना तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो, दिवाळीनंतर विचारा. शाळेत इलेक्ट्रिक भट्टी असेल तर पहिले काही तास झाकण थोडं उघडं ठेवून अगदी हळू, ६०० डिग्रीपर्यंत ताशी १०० च्या आत, कारण ५७३ च्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं (गारेच्या बारीक कणांचं) आकारमान अचानक बदलतं, घाई केली तर तडा जातो. मग ९५० ते १००० पर्यंत न्या, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, पोरं कितीही मागं लागली तरी.

दुसऱ्या टर्मला उठावाचं काम घ्या, म्हणजे सपाट पाटीवर थोडंसं वर आलेलं चित्र, त्याआधी खिद्रापूरला कोपेश्वराचं मंदिर नक्की दाखवा. सकाळचं तिरकं ऊन भिंतीवर पडतं तेव्हा थोड्याशा खोलीतनं केवढी सावली तयार होते ते पोरांना दिसतं. ट्रिप नाही जमली तर कोल्हापूरचं टाऊन हॉल म्युझियम, इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत.

वाळलेल्या मातीची धूळ झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, ती फुफ्फुसाला वाईट असते. पीओपी घट्ट होताना तापतं, त्यात कुणालाही हात बुडवून साचा घेऊ देऊ नका, आणि उरलेलं बेसिनमध्ये तर कधीच ओतायचं नाही.

फुटलेल्या कामाचे मार्क कापू नका. भाजलेले तुकडे कुटून, चाळून पुढच्या वर्षीच्या मातीत दहाला एक-दोन भाग मिसळा, माती कमी आकसते, तडे कमी जातात. त्या वर्षीचे तुकडे मी असेच वापरले, आजीचा कान तेवढा त्या पोरीनं मागून नेला.