ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी: तपासणीतल्या या चुका टाळा

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०१७१ दिसतो आणि लगेच ऑक्सिजन सेन्सरची ऑर्डर जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. ही खबर ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) सेन्सरनेच दिलेली असते आणि बहुतेक वेळा ती खरी असते.

सेन्सरच्या सर्किटचे कोड पी०१३० ते पी०१४१ या पट्ट्यात येतात. तिथेही घाई नको. पी०१३५ आणि पी०१४१ हे पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या, आधीच्या आणि नंतरच्या) हीटरचे कोड आहेत. दोन्ही एकदम आले, तर दोन हीटर एकाच वेळी जळण्यापेक्षा सामाईक फ्यूज उडाल्याची शक्यता कितीतरी जास्त. फ्यूज ठीक असेल तर थंड सेन्सरचा कनेक्टर काढून हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये सारख्या रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या असतात. आकडा साधारण ३ ते १५ ओहममध्ये यावा. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेले, दाखवत असेल तर हीटर गेला.

थंड इंजिनवर निकाल देणे

झिर्कोनिया सेन्सर (नेहमीचा, व्होल्टेज देणारा प्रकार) सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही. इंजिन पूर्ण गरम करा, २,५०० आरपीएमवर दोन मिनिटे धरा, मगच स्कॅनरवर लाइव्ह डेटा पाहा. पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली व्हायला हवे. ०.४५ च्या वर रिच (पेट्रोल जास्त), खाली लीन. अॅक्सिलरेटर झटकन दाबला की ते ०.८ च्या पुढे जावे, आणि गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होऊन ०.१ च्या आसपास पडावे. दोन्ही टोके चटकन गाठणारा सेन्सर चांगला आहे. खोट दुसरीकडे शोधा.

यात एक फसगत आहे. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर एकदम दहा-बारा आकडे उघडले की प्रत्येक आकडा उशिरा ताजा होतो आणि चांगला सेन्सरही सुस्त दिसतो. स्क्रीनवर फक्त सेन्सरचे व्होल्टेज आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू त्या क्षणी पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) ठेवा.

पुढचा सेन्सर वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण सांगणारा) असेल तर ०.४५ व्होल्टचा नियम लागूच होत नाही. तिथे लॅम्डा (आदर्श मिश्रणाच्या तुलनेत हवेचे प्रमाण) पाहा. गरम इंजिनवर, एकसारख्या आरपीएमला तो १.०० च्या आसपास हवा.

मिसफायर आणि लीकेज न तपासणे

सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. मिसफायर होणाऱ्या (मिश्रण नीट न पेटणाऱ्या) सिलिंडरमधला ऑक्सिजन न वापरताच बाहेर पडतो, सेन्सर 'लीन' म्हणतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅसकेटला सेन्सरच्या आधी चीर असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हेच होते. त्यामुळे प्लग, कॉइल आणि गॅसकेट आधी.

मग फ्युएल ट्रिम. शॉर्ट आणि लाँग टर्मची (ईसीयूने लक्षात ठेवलेली दीर्घकाळाची दुरुस्ती) बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांत असावी. आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) +२० आणि २,५०० आरपीएमला +४ असेल, तर इनटेकमध्ये कुठेतरी व्हॅक्यूम लीक आहे, म्हणजे न मोजलेली हवा आत शिरते. उलट लोडवर ट्रिम वाढत असेल तर फ्युएल प्रेशर तपासा. मात्र मॅफऐवजी (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असलेल्या गाड्यांत व्हॅक्यूम लीकची खूण इतकी स्पष्ट नसते. तिथे बऱ्याचदा नुसते आयडल वाढते. सीएनजीच्या गाडीची तपासणी आधी पेट्रोलवर करा. जुन्या किटमधला लॅम्डा इम्युलेटर ईसीयूला बनावट सिग्नल देतो.

पी०४२० ला मागचा सेन्सर बदलणे

हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा आहे. गरम इंजिनवर मागच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळपास स्थिर असावे. तो पुढच्यासारखाच नाचत असेल तर सेन्सर काम करतो आहे, कन्व्हर्टर नाही.

बसवताना

इंजिन कोमट असताना २२ मिमीच्या खाच असलेल्या सॉकेटने खोला. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणूनची पेस्ट) लावलेलेच असते. वरून आणखी थापू नका, टोकाला तर अजिबात नाही. कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका आणि वायर तोडून सोल्डर करू नका, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच घेतात.

जुन्या सेन्सरचे टोक फेकण्याआधी नीट बघा. काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच आहे. पांढरी भुकटी असेल तर कूलंट जळते आहे किंवा इंजिनला चुकीचा सिलिकॉन सीलंट लावलेला आहे. तपकिरी, तेलकट थर म्हणजे इंजिन ऑइल खाते. हे कारण तसेच राहिले तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो.